कोथरूडमध्ये घर घेताना फ्लॅटआधी हौद बघा

शहराच्या जवळ, तरी शांत, मुलांना शाळा आणि आजी-आजोबांना बाग चालत जाता येईल अशी, असं घर पुण्यात शोधायला निघालं की बोलणं फिरून कोथरूडपाशी येतं. ते योग्यच आहे. पण कोथरूडमध्ये घर बघायची आपली पद्धत बहुतेक वेळा चुकते. आपण हॉल किती मोठा, किचनचा ओटा ग्रॅनाइटचा आहे का, बाल्कनीतून टेकडी दिसते का हे बघतो. हे सगळं नंतर बदलता येतं किंवा चालवून घेता येतं. गल्ली, सोसायटीचा हौद, खालचे कॉलम आणि कपाटातले कागद एकट्याला बदलता येत नाहीत. जुन्या वस्तीतलं सुख आणि डोकेदुखी दोन्ही या चार गोष्टींत आहे, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

नकाशा थोडक्यात. नळ स्टॉपच्या पुढे पौड फाट्याला रस्ता फुटतो. एक कर्वे रस्ता कर्वे पुतळ्याकडे जातो, दुसरा पौड रस्ता वनाज, डेपो आणि पुढे चांदणी चौकाकडे. या दोघांच्या मध्ये आयडियल कॉलनी, मयूर कॉलनी, गुजरात कॉलनी, गावठाण, डहाणूकर कॉलनी. पौड रस्त्याच्या उत्तरेला रामबाग कॉलनी, परमहंसनगर, भुसारी कॉलनी असं टेकडीच्या पायथ्याला लागलेलं कोथरूड. दक्षिणेला कर्वेनगर, म्हणजे जुनं हिंगणे, जिथे १९०० साली महर्षी कर्व्यांनी आपला आश्रम हलवला. १९६१ च्या पानशेत पुरानंतर नदीकाठच्या पेठांतून माणसं बाहेर पडली, शहर दूर पसरलं, आणि पुढच्या तीसेक वर्षांत इथे बंगल्यांच्या सोसायट्या, मग तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे आज विकायला असलेल्या जुन्या फ्लॅटांपैकी बरेच तीस ते चाळीस वर्षांच्या इमारतींत आहेत. पुढचं सगळं या वयाभोवती फिरतं.

गल्ली कशी बघायची

एकदा रविवारी सकाळी अकराला जाऊन काही कळत नाही. त्या वेळी सगळं पुणे शांतच असतं. गल्ली निदान चार वेळा बघा: कामाच्या दिवशी पावणेनऊला, संध्याकाळी साडेसातला, रात्री साडेदहाला आणि शक्य असेल तर चांगल्या पावसात. सकाळी कळतं की शाळेच्या व्हॅन आणि रिक्षा कुठे उभ्या राहतात आणि गाडी बाहेर काढायला किती वेळ लागतो. संध्याकाळी हातगाड्या आणि दुचाकी किती जागा खातात ते दिसतं. रात्री रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मध्ये अग्निशमनाचा बंब जाईल एवढी जागा उरते का, ते पावलांनी मोजा. तीन-साडेतीन मीटर मोकळं हवं. ते नसेल तर ती अडचण आगीपुरती नाही, अ‍ॅम्ब्युलन्सचीही आहे.

पावसात चेंबरच्या झाकणाकडे बघा. टेकडीकडून येणारं पाणी उताराने पौड रस्त्याकडे धावतं, आणि जिथे पावसाळी गटार आणि मैलापाण्याची लाइन कुठेतरी एकत्र झाली आहे तिथे झाकणातून पाणी वर येतं. तळमजल्याच्या बाथरूमची जाळी याच चेंबरला जोडलेली असते. पार्किंगच्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर एकसारखी मळकट रेघ दिसली, तर तिथे पाणी साचून ओसरलेलं आहे. नवीन रंग असेल तर मोटरच्या खोलीत जा, तिथे कोणी रंग देत नाही. ओढ्याकाठच्या घराचा विषय याहून गंभीर आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुणेकरांच्या लक्षात आहे. ओढा वर्षातले अकरा महिने गटारासारखा दिसतो, म्हणून त्याला ओढा समजायचं नाही ही चूक करू नका.

गल्लीतल्या बाकीच्या इमारतींची वयंही मोजा. शेजारी सलग तीन जुन्या इमारती असतील तर येत्या पाच-सात वर्षांत त्यांतल्या दोन तरी पुनर्विकासाला जातील असं धरून चाला. म्हणजे खडक फोडणं, काँक्रीटच्या मिक्सर गाड्या, धूळ. आणि नंतर बारा घरांच्या जागी तीस घरं, पण रस्ता, ड्रेनेज आणि पाण्याची लाइन तीच. ही शांत गल्ली शांतच राहील असं एजंट सांगतो, तेव्हा त्याला शेजारच्या इमारतींबद्दल विचारा.

हौद

पाण्याचा प्रश्न "कॉर्पोरेशनचं आहे का?" एवढ्यावर सोडू नका. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं पुण्याला पाणी देतात, आणि शहरात पाणी किती आलं यापेक्षा तुमच्या सोसायटीत ते किती साठतं यावर तुमचा रोजचा दिवस अवलंबून असतो. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं जातं आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने येतं. हे नेहमीचं आहे. म्हणून जमिनीखालच्या हौदात दोन दिवसांचं पाणी मावलं पाहिजे.

हिशेब सोपा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नेहमी धरलं जाणारं प्रमाण. १६ फ्लॅट, घरात सरासरी चार माणसं, म्हणजे ६४ माणसांना ८,६४० लिटर. दोन दिवसांचे सव्वासतरा हजार. आता हौदाचं झाकण उघडायला सांगा. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून गुणा, हजाराने गुणा, लिटर मिळाले. तीन बाय अडीच बाय दोनचा हौद पंधरा हजारांचा. सोळा घरांना तो थोडा कमी पडेल, पण वरची टाकी धरली तर निभेल. हौद सहा-सात हजारांचाच असेल तर दर शुक्रवारी सोसायटी टँकरवर आहे असं समजा. खात्री करायची असेल तर मेंटेनन्सच्या हिशेबातली टँकरची बिलं मागा, एप्रिल आणि मेची खास करून.

झाकण उघडल्यावर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. हौद ड्रेनेजच्या चेंबरपासून किती लांब आहे? जुन्या इमारतींत तो कधी कधी पाच-सहा फुटांवर असतो. चेंबरला तडा गेला आणि हौदाचं प्लास्टर सुटलं की दोघांचं पाणी एक होतं, आणि आधी लहान मुलं आजारी पडतात. दुसरं, झाकणाची कड जमिनीच्या वर निदान अर्धा फूट उचललेली हवी. नाहीतर पार्किंग धुतल्याचं पाणी आत जातं. तिसरं, हौद शेवटचा कधी धुतला ते विचारा. सहा महिन्यांतून एकदा तळाचा गाळ काढून धुणं हा बरा नियम. उत्तर द्यायला सेक्रेटरींना आठवावं लागलं तर तेही एक उत्तर आहे.

काही सोसायट्यांत नळाच्या मुख्य लाइनला थेट मोटर लावलेली असते. हे नियमबाह्य तर आहेच, शिवाय घातकही आहे. मोटर ओढू लागली की पाइपातला दाब पडतो, आणि जिथे जिथे लाइनला बारीक गळती आहे तिथून मातीतलं घाण पाणी आत खेचलं जातं. पाणी आधी हौदात पडावं आणि तिथून वर चढवावं, हाच बरोबर क्रम.

बोअर असेल तर उत्तम, पण ते पाणी वेगळ्या लाइनने फक्त फ्लशला आणि बागेला जातं का, की वरच्या टाकीत मिसळतं ते पाहा. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं. मिसळत असेल तर गीझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा थर बसलेला दिसेल. शॉवर हातात घेऊन बघितलं की कोणाला विचारायची गरज राहत नाही.

डेंग्यूचा धागाही इथेच आहे. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे कोरडा करतात. सोसायटीच्या टाक्यांना घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी आहे का, हे गच्चीवर जाऊन पाहा.

कॉलम, गच्ची आणि पश्चिमेची भिंत

जुन्या इमारतीत शिरल्यावर मान वर करण्याआधी पार्किंगमधले कॉलम बघा. भिंतीच्या प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा असतील तर काळजी नको, त्या प्लास्टर वाळतानाच्या असतात. पण कॉलमवर वरून खाली सरळ जाणारी, आतल्या सळईच्या रेषेत चालणारी भेग वेगळी. आतली सळई गंजली की तिचं आकारमान वाढतं आणि ती बाहेरचं काँक्रीट ढकलून फोडते. नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटलेला आहे. अनेक सोसायट्या यावर सिमेंट थापून रंग देतात. गंज आत तसाच राहतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत भेग पुन्हा त्याच जागी उघडते. नीट दुरुस्तीचा क्रम असा: गरज असेल तिथे आधी टेकू, मग सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणं, गंज घासून स्वच्छ करणं, जास्त झिजली असेल तर जोडसळई, गंजरोधक लेप, आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने किंवा मायक्रोकाँक्रीटने भरणं. सोसायटीने दुरुस्ती केल्याचं सांगितलं तर यातलं काय काय केलं ते विचारा. बिलात नुसतं प्लास्टर आणि पेंट असेल तर ती दुरुस्ती धरू नका.

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवाल मागा. तो नसेल तर व्यवहार सोडावाच असं नाही, पण स्वतः एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला तासभर आणा. घराच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही.

शेवटच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्ची. जुन्या इमारतींवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर चायना मोझेक (टाइलांचे तुकडे) असतं. गळू लागलं की सोपा उपाय म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकतात. दहा सेंटिमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो होतं, म्हणजे प्रत्येक अशा उपायाने स्लॅबवर ओझं वाढतं, आणि खालच्या थरातलं अडकलेलं पाणी तसंच राहतं. जुना थर काढून, पन्हाळीच्या तोंडापर्यंत उतार नीट देऊन नवं करणं महाग पडतं, पण तेच टिकतं. काम झाल्यावर पन्हाळी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं, खाली ओल दिसली नाही तरच ठेकेदाराचा शेवटचा हप्ता.

भिंतींत आधी पश्चिमेची बघा. मोसमी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, पाऊस त्या भिंतीवर आडवा आपटतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून खाली उतरणारी पिवळी रेघ म्हणजे चौकटीच्या सांध्यातून पाणी आत येतंय. छतावर गोल डाग असेल आणि तो बारा महिने ओला असेल, तर पाऊस नव्हे, वरच्यांची न्हाणी आहे. खात्री करायला वरच्या बाथरूमच्या जाळीत खाण्याचा लाल रंग घोळलेलं बादलीभर पाणी ओततात. दोन दिवसांत खाली रंगाची छटा दिसली तर नहाणी ट्रॅपचा (जाळीखालच्या भांड्याचा) सांधा गेलेला असतो. यावर वर-खाली राहणाऱ्यांत वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेलं असतं. म्हणून घर घेण्याआधी वरच्या मजल्यावर जाऊन काका-काकूंना एकदा भेटाच. पाच मिनिटांत खूप काही कळतं.

वायरिंगबद्दल एवढंच: मीटर बोर्डवर अजून पोर्सेलिनचे किटकॅट फ्यूज दिसले तर पूर्ण वायरिंग बदलण्याचा खर्च धरा, अर्थिंगसकट. मंजूर लोड वीजबिलावर छापलेला असतो. तो एक-दीड किलोवॉट असेल आणि तुम्ही दोन एसी आणि इंडक्शन लावणार असाल तर महावितरणकडून लोड वाढवून घ्या. जुने जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. सगळे नळ एकदम सोडून धार बघा.

लिफ्टचं गणित पायऱ्यांत करा. तीन मीटरच्या मजल्याला साधारण अठरा पायऱ्या, म्हणजे तिसरा मजला ५४. आज तुम्हाला चालतील. सत्तरीतल्या आईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चालतील का, हा प्रश्न घर घेण्याआधी विचारायचा. बाहेरून लिफ्ट बसवता येते, पण त्यासाठी महापालिकेची परवानगी, मोकळी जागा आणि तळमजल्यावरच्या सभासदांची तयारी लागते, आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड असते.

कपाटातले कागद

पहिला प्रश्न: ही सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात दोन्ही सरसकट आहेत आणि नावावरून कळत नाही. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट मिळतं. अपार्टमेंट असेल तर १९७० च्या कायद्याखाली घोषणापत्र आणि प्रत्येक फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट झालेलं असतं, आणि जमिनीतला अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. विक्रेत्याकडे फक्त बिल्डरबरोबरचा करारनामा असेल आणि डीड झालंच नसेल, तर ते आधी करून घ्यायला सांगा.

दुसरा: कन्व्हेयन्स झालं का? बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नसेल तर मोफा, म्हणजे बिल्डरच्या फ्लॅटविक्रीबद्दलच्या राज्याच्या कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरण, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्स, मिळवता येतं. प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव आहे का हे पाहिलं की उत्तर मिळतं. काही जुन्या बंगला सोसायट्यांत जमीन सोसायटीची आणि प्लॉट सभासदाला दीर्घ मुदतीच्या लीजवर असतो. तिथे उरलेली मुदत आणि हस्तांतरणाच्या अटी वाचल्याशिवाय इसार देऊ नका.

मग नेहमीचे: आधीच्या सर्व खरेद्यांची साखळी आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी), मंजूर नकाशा, निदान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा यांचा शोध), सोसायटीचं नो ड्यूज, मिळकतकर आणि विजेची शेवटची पावती. मंजूर नकाशा घेऊन फ्लॅटमध्ये उभे राहा. बंद केलेली टेरेस, हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी, काढून टाकलेली भिंत तिथेच कळते. जुन्या करारांत क्षेत्रफळ बिल्टअपमध्ये (भिंती धरून) असतं, एजंट सेलेबल (जिना-लॉबीचा वाटाही धरून) सांगतो, तुम्ही राहता कार्पेटमध्ये (भिंतींच्या आत). टेप लावून स्वतः मोजा आणि दर कार्पेटवर काढा, म्हणजे दोन घरांची तुलना खरी होते.

पार्किंगवरून सर्वांत जास्त भांडणं होतात. "पार्किंग विकत घेतलेलं आहे" हे वाक्य ऐकलं की थांबा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे की मोफाखालच्या इमारतीत स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डर वेगळं विकू शकत नाही. ते सोसायटीचं. त्यामुळे पाहायचं ते वाटपाचं पत्र आणि सभेचा ठराव. शिवाय या इमारती बांधल्या तेव्हा घराला एक स्कूटर धरलेली होती. खांबांमधलं अंतर मोजा, तुमची गाडी घेऊन जा आणि प्रत्यक्ष लावून पाहा.

पैशांचे आकडे. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के, फक्त महिलेच्या नावावर खरेदी असेल तर ६. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने विक्रेत्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून भरायचा असतो. विसरलात तर दंड तुम्हाला, विक्रेत्याला नाही. सोसायटी हस्तांतरण प्रीमियम म्हणून महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार घेऊ शकते. त्याहून जास्त "ऐच्छिक देणगी" मागितली तर नियम दाखवा, शांतपणे, कारण पुढे त्यांच्याबरोबरच राहायचं आहे.

भाड्याने येणाऱ्यांसाठी: करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते, "अकराला लागत नाही" हा जुना गैरसमज आहे. नोंदणी फी शहरात एक हजार, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामत रकमेवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज घेते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही.

पुनर्विकासाच्या नावाने दिलेला जादा भाव

"दोन वर्षांत नवीन टॉवर, आत्ता घ्या," हे ऐकून बाजारभावापेक्षा जास्त देऊ नका, निदान पुढचं तपासल्याशिवाय. समोरचा रस्ता किती रुंद आहे? २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत बांधकामाची क्षमता रस्त्याच्या रुंदीवर बांधलेली आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) मिळत नाही, आणि त्याशिवाय विकसकाचं गणित सहसा जमत नाही. कोथरूडच्या आतल्या बऱ्याच गल्ल्या सहा मीटरच्या आहेत. कुंपणापासून कुंपणापर्यंत टेप धरा.

रस्ता पुरेसा असेल तर काम कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. चर्चा वेगळी, ठराव वेगळा, करार वेगळा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभेत विषय मंजूर होतो, वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमला जातो, व्यवहार्यता अहवाल, निविदा, मग निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांच्या संमतीने विकसक ठरतो. त्यानंतर नोंदवलेला विकसन करार. त्यात वाढीव कार्पेट, दरमहा भाडं, कॉर्पस (विकसकाने द्यायची एकरकमी रक्कम), मुदत आणि बँक हमी स्पष्ट आकड्यांत हवी. इमारत रिकामी करायची ती परवानग्या आणि हमी हातात आल्यावरच. घाई करून आधी घरं रिकामी केली आणि काम अडलं की भाडं थांबतं, आणि सभासद ना इकडचे ना तिकडचे होतात.

माझं मत असं की ज्या सोसायटीला स्वतःचा हौद वेळेवर धुता येत नाही, तिला पुनर्विकासही नीट करता येणार नाही. सभेच्या इतिवृत्ताची वही मागून वाचा. तीन वर्षांच्या नोंदी पुरेत.

मुलं, म्हातारी माणसं, येणं-जाणं

शाळा इथे भरपूर आहेत, पण अंतर चालत मोजा, वाटेत कर्वे किंवा पौड रस्ता ओलांडावा लागतो का ते पाहा. दोन घरांत निवड असेल आणि एकातून मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता येत असेल, तर ते घर थोडं लहान असलं तरी घ्या. चौथी-पाचवीपासून मूल एकटं जाऊ लागतं आणि रिक्षावाल्या काकांवरचं अवलंबन संपतं. पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी शाळेपासूनचं अंतर बघतात, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग तीन किलोमीटरपर्यंत. त्यामुळे अर्जात नकाशावरचं घराचं ठिकाण अचूक टाकणं फार महत्त्वाचं. एक गल्ली चुकली तरी क्रम बदलू शकतो.

मेट्रोने कोथरूडचं शहराशी नातं बदललं. वनाज ते गरवारे कॉलेज ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, १ ऑगस्ट २०२३ ला रूबी हॉलपर्यंत आणि ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत गेली. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटलाही जाता येतं. स्थानकापासून दहा मिनिटं चालत असलेलं घर आणि पंचवीस मिनिटांवरचं घर यांत रोजचा फरक मोठा आहे. डहाणूकर कॉलनीकडच्यांना स्थानक गाठायला बस किंवा दुचाकी लागते, ते मनात धरा. नोकरी हिंजवडीला असेल तर ही मेट्रो उपयोगाची नाही. चांदणी चौकातून महामार्गाने जावं लागतं. चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाल्यावर तिथली कोंडी बरीच हलली, पण पुढे बाणेर-वाकडचा पट्टा तोच आहे. सोमवारी सकाळी नऊला एकदा स्वतः जाऊन या.

टेकडी हे या भागाचं खरं धन. पौड रस्त्याच्या उत्तरेच्या वस्तीतून एआरएआय आणि वेताळ टेकडीवर चालत जाता येतं. सकाळी सहाला तिथे सगळ्या वयाची माणसं असतात. उन्हाळ्यात वाळलेलं गवत पटकन पेटतं, म्हणून काडेपेटी वर नेऊ नये, आणि अंधार पडल्यावर एकट्याने थांबू नये. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र टेकडीपेक्षा घराजवळची सपाट बाग, बाक आणि जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ जास्त मोलाचा. फूटपाथ तुटका नाही ना, हे त्यांच्या पावलांनी चालून बघा.

झाडांचंही एक. गल्लीतले गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष सावली देतात म्हणून गल्ली मे महिन्यात सुसह्य असते. पण बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक भिडवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि पहिल्या वळिवात झाड गाडीवर येतं. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवायला सोसायटीला सांगा. फांद्या छाटायच्या तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी एप्रिलमध्येच मागा, जूनमध्ये रांग असते.

ताबा मिळाल्यावर

पहिल्या महिन्यात उरकायच्या गोष्टी: सोसायटीकडे सभासदत्वाचा अर्ज, इंडेक्स टू जोडून, पोच घेऊन. समितीने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. मग महावितरणकडे नावबदल, पाइप गॅसचं नाव, महापालिकेत मिळकतकराचं हस्तांतरण. कराच्या नोंदीत नाव लागलं की स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज पुराव्यांसह द्या. त्यावरच निवासी घराची ४० टक्के सवलत मिळते. आधीच्या मालकाला ती मिळत होती म्हणून तुम्हाला आपोआप लागू होईल असं धरू नका. त्यांनी घर भाड्याने दिलं असेल तर ती कधीच बंद झालेली असू शकते. कचरा घ्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंची वेळ विचारून ठेवा, ओला, सुका आणि सॅनिटरी वेगळा द्या, सॅनिटरी कागदात गुंडाळून लाल खूण करून. आणि पहिला गुरुवार यायच्या आत, बुधवारी रात्री घरातली एक टाकी भरून ठेवा.